पीडीओचं कनेक्शन उघडताना कोणते कॉन्स्टंट टाकायचे आणि का

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की चोपड्याकडच्या एका जिनिंगसाठी तू पीएचपी आणि मायएसक्यूएलमधे कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करतोय, घरच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं, पण जिनिंगच्या कॉम्प्युटरवर कधीकधी एन्ट्री सेव्ह होतच नाही आणि एररही दिसत नाही, काही शेतकऱ्यांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि पानापानाने यादी दाखवणारी लिमिटवाली क्वेरी १०६४ नंबरचा एरर देते. आणि पीडीओच्या, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या भागाच्या, मॅन्युअलमधे एवढे कॉन्स्टंट (सेटिंगची ठरलेली नावं) दिलेत त्यातले नेमके कोणते टाकायचे.

भाऊ, तू पाठवलेला कोड बघितला. कनेक्शन उघडताना तू होस्ट, डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड एवढंच दिलंय, बाकी सगळं डिफॉल्टवर सोडलंय. डिफॉल्ट हे सगळीकडे सारखे नसतात, पीएचपीचं व्हर्जन बदललं की बदलतात आणि सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलप्रमाणेही बदलतात, म्हणून तोच कोड तुझ्या लॅपटॉपवर एक वागतो आणि जिनिंगवर दुसरंच वागतो. मी जळगाव-भुसावळ भागात व्यापारी, जिनिंग, पतसंस्था यांची सॉफ्टवेअरं बरीच वर्षं करतोय आणि माझं ठाम मत आहे की ज्या सेटिंगवर पैशाचा हिशोब अवलंबून आहे ती कोडमधे आपल्या हाताने लिहिलेलीच पाहिजे, मग ती डिफॉल्ट असली तरी. प्रोग्राम बंद पडला तर निदान फोन येतो, पण चुकीचा आकडा गुपचूप आत गेला तर तो सीझन संपल्यावर शेतकऱ्याच्या पट्टीत सापडतो आणि तेव्हा भांडण होतं.

पहिला कॉन्स्टंट एररमोड. मॅन्युअलमधे ही नावं कॅपिटल अक्षरांत, अंडरस्कोअरने जोडून दिलेली सापडतील, ऑप्शनच्या नावाआधी एटीटीआर लावलेलं असतं. एररमोडला तीन किमती आहेत, सायलेंट, वॉर्निंग आणि एक्सेप्शन (चूक पकडली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबतो). पीएचपी ७ पर्यंत डिफॉल्ट सायलेंट होतं, म्हणजे क्वेरी फसली तर एक्झिक्यूट नुसतं फॉल्स देऊन मोकळं होतं, आणि तू ते फॉल्स तपासलं नाहीस तर पुढची ओळ आरामात चालते आणि स्क्रीनवर ‘सेव्ह झाले’ असा मेसेजही येतो. नोव्हेंबर २०२० मधे पीएचपी ८ आलं तेव्हा डिफॉल्ट एक्सेप्शन झालं. तुझ्या लॅपटॉपवर ८ आहे आणि जिनिंगवर जुन्या झॅम्पमधलं (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) ७ आहे, म्हणून एन्ट्री फसली तर लॅपटॉप सांगतो आणि जिनिंगचा कॉम्प्युटर गप्प बसतो. एररमोड एक्सेप्शन हे स्वतः लिही, मग व्हर्जन कोणतंही असो.

पण त्याचबरोबर जिनिंगच्या कॉम्प्युटरवर पीएचपीचं डिस्प्ले एरर्स बंद कर आणि लॉग चालू कर. कनेक्शनच झालं नाही आणि एक्सेप्शन पकडलं नाही तर स्क्रीनवर जो लांबलचक ट्रेस येतो त्यात जुन्या व्हर्जनमधे कनेक्शनचा पासवर्ड उघडा छापला जायचा, पीएचपी ८.२ पासून तो झाकला जातो, पण जिनिंगवर ८.२ नाहीये.

आता एरर दिसायला लागले तरी एक प्रकार असा उरतो ज्यात एररच होत नाही, आणि माझ्या मते तुझ्या कामात सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. तो म्हणजे एसक्यूएल मोड, चुकीच्या किमतीशी सर्व्हरने किती कडक वागायचं ते ठरवणारी सेटिंग. मायएसक्यूएल ५.७ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारी किंमत नाकारणारा मोड, डिफॉल्ट चालू असतो, मारियाडीबीत (मायएसक्यूएलच्याच वळणाचा डेटाबेस) १०.२.४ पासून. पण कॉन्फिग फाइलमधे एसक्यूएल मोडची वेगळी ओळ लिहिलेली असेल तर तीच चालते, आणि झॅम्पच्या माय डॉट आयएनआयमधे अशी ओळ बघायला मिळते, त्यामुळे जिनिंगच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडून एकदा डोळ्याने बघ. स्ट्रिक्ट नसलं तर सर्व्हर न मावणारा आकडा कापून, दाबून कसाही बसवतो आणि नुसती एक वॉर्निंग ठेवतो जी पीडीओ तुला दाखवत नाही. उदाहरण घे. भावाचा कॉलम डेसिमल ६,२ असा ठेवला तर त्यात जास्तीत जास्त ९९९९.९९ मावतं. बरीच वर्षं कापसाला पाच-सहा हजाराचा भाव होता तेव्हा हे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, पण २०२२ मधे कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला. अशा दिवशी ११,२०० भाव टाकला की नॉन-स्ट्रिक्ट सर्व्हर ९९९९.९९ लिहून ठेवतो, एक्सेप्शन नाही, काही नाही, आणि २० क्विंटलच्या गाडीमागे शेतकऱ्याचे २४,००० रुपये कमी होतात. स्मॉलइंटचंही तसंच, त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं, भरलेल्या मोठ्या ट्रकचं वजन किलोत लिहिलं तर ते सहज वर जातं.

हे सर्व्हरच्या फाइलवर सोडू नको, कनेक्शनमधेच सांग. त्यासाठी मायएसक्यूएलचा इनिट कमांड नावाचा ऑप्शन आहे, कनेक्शन उघडलं रे उघडलं की तो त्यातली एसक्यूएल ओळ पहिल्यांदा चालवतो. त्यात सेशनचा एसक्यूएल मोड सेट करायचा, पण नुसतं स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स एवढंच लिहिलं तर आधीचे बाकी मोड पुसले जातात, म्हणून आत्ताच्या मोडला कॉनकॅटने जोडून लिही. आणि त्याच सेट ओळीत स्वल्पविराम देऊन टाइम झोनही टाक, प्लस ०५:३०. नाव लिहू नको, आकडाच लिही, कारण एशिया कोलकाता असं नाव चालायला सर्व्हरवर टाइम झोनची टेबलं भरलेली लागतात आणि विंडोजवर ती बऱ्याचदा रिकामी असतात. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळा घड्याळ बदलत नाही, त्यामुळे आकड्याने काही बिघडत नाही.

टाइम झोनचं अजून थोडं सांगतो कारण तुझ्याकडे रात्री गाड्या येतात. झॅम्पच्या पीएचपी डॉट आयएनआयमधे टाइम झोन युरोप बर्लिन असा दिलेला असतो. हिवाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. म्हणजे पीएचपीच्या डेट फंक्शनने तारीख काढून तू टाकत असशील तर रात्री १ वाजता आलेल्या गाडीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि भाव रोज बदलतो म्हटल्यावर ती गाडी चुकीच्या भावात जाते. पीएचपीकडेही एशिया कोलकाता कर आणि डेटाबेसकडेही प्लस ०५:३०, दोन्ही. आणि लक्षात ठेव, टाइमस्टँप प्रकारचा कॉलम आत यूटीसीत साठतो आणि सेशनच्या झोनप्रमाणे बदलून दिसतो, डेटटाइम जसा टाकला तसाच राहतो. खरेदीच्या वेळेसाठी मी डेटटाइमच वापरतो.

आता प्रश्नचिन्हं. यावर लोक घाईत काहीही करतात आणि होता तो डेटाही घालवतात, म्हणून जरा निवांत वाच.

देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळं यूटीएफ-८ मधे ३-३ बाइटचं असतं. मुक्ताईनगर हे नाव घे, म, उकार, क, हलंत, त, काना, ई, न, ग, र असे १० तुकडे, म्हणजे ३० बाइट. व्हारचारच्या कंसातला आकडा तुकडे मोजतो, बाइट नाही, त्यामुळे व्हारचार १० मधे मुक्ताईनगर बरोबर मावतं, पण डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजून कॉलम ठरवलास तर कमी पडेल. मायएसक्यूएलमधलं जुनं यूटीएफ८ हे तीनच बाइटचं आहे, त्यात मराठी बसते पण इमोजी बसत नाही कारण त्याला ४ लागतात, म्हणून यूटीएफ८एमबी४ आलं, ५.५.३ पासून. तू सगळीकडे एमबी४ च घे. जुन्या सर्व्हरवर एकच अडचण येते, इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइटची असली तर व्हारचार २५५ ला एमबी४ मधे १,०२० बाइट लागतात आणि टेबल बनतच नाही, लोक १९१ लिहितात ते म्हणून. ५.७ पासून ही मर्यादा ३,०७२ झालीये.

पण टेबल एमबी४ केलं म्हणजे झालं असं नाही, कनेक्शनचाही चारसेट, म्हणजे अक्षरं कोणत्या एन्कोडिंगमधे जातात ते, सांगावा लागतो, आणि तो डीएसएनच्या, म्हणजे होस्ट आणि डेटाबेसचं नाव असलेल्या, ओळीतच द्यायचा, चारसेट बरोबर यूटीएफ८एमबी४. पीएचपी ५.३.६ च्या आधी डीएसएनमधला चारसेट पीडीओ वाचतच नव्हता, म्हणून जुन्या ब्लॉगवर सेट नेम्स वेगळं चालवायला सांगतात, ते आता कॉपी करायची गरज नाही. डीएसएनमधे दिलं की पीडीओच्या कोट फंक्शनलाही चारसेट कळतो, सेट नेम्सने ते कळत नाही.

आता आधीच बिघडलेल्या नावांचं. तीन वेगळी दुखणी आहेत आणि स्क्रीनवर बघून ती नीट ओळखता येत नाहीत. डेटाबेसच्या हेक्स फंक्शनने, ते आतले बाइट जसेच्या तसे दाखवतं, नावाचा कॉलम काढून बघ. हेक्समधे ई०ए४ किंवा ई०ए५ पासून सुरू होणाऱ्या सहा-सहा अक्षरांच्या जोड्या दिसल्या तर आतलं मराठी शाबूत आहे, फक्त वाचणारं कनेक्शन लॅटिन१ (मराठी न बसणारा जुना चारसेट) होतं म्हणून प्रश्नचिन्हं दिसली, चारसेट दिला की नावं परत दिसतील. सी३ए० सी२ए४ असं दिसलं तर लिहिणारं कनेक्शन लॅटिन१ होतं आणि मराठीचं दोनदा एन्कोडिंग झालंय. ही गंमत अशी की त्याच जुन्या कनेक्शनने वाचलं तर नाव एकदम बरोबर दिसतं, पीएचपीमायअ‍ॅडमिनमधे मात्र कचरा दिसतो, आणि तू चारसेट दुरुस्त केलास की मग जुनी नावं बिघडलेली आणि नवी नावं बरोबर असं मिश्रण होतं. हे दुरुस्त होतं, कन्व्हर्टने लॅटिन१ कर, त्याला कास्टने बायनरी कर, परत कन्व्हर्टने एमबी४ कर, पण आधी सिलेक्टमधे बघ आणि फक्त सी३ए० ने सुरू होणाऱ्या ओळींवरच अपडेट चालव. आणि तिसरं, हेक्समधे नुसतं ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर ती खरीच प्रश्नचिन्हं साठवलेली आहेत, कॉलमच लॅटिन१ होता, नाव गेलं. तिथे कागदाच्या काटा पावतीवरून परत भरावं लागेल, कोणतीही क्वेरी ते परत आणत नाही. स्ट्रिक्ट मोड असता तर सर्व्हरने ही एन्ट्री नाकारली असती, १३६६ नंबरचा एरर देऊन.

लिमिटच्या एररकडे येऊ. पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर डिफॉल्टने प्रिपेअर्ड स्टेटमेंट खरंखुरं सर्व्हरकडे पाठवत नाही, स्वतःच प्लेसहोल्डरच्या, म्हणजे क्वेरीत किमतीसाठी ठेवलेल्या खुणेच्या, जागी किमती कोट करून भरतो आणि तयार क्वेरी पाठवतो. एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की सगळ्या किमती स्ट्रिंग समजल्या जातात, मग लिमिटच्या पुढे अवतरण चिन्हात २० जातं आणि सर्व्हर १०६४ देतो. दोन उपाय. एक, बाइंडव्हॅल्यूने पॅराम इंट सांगून ती किंमत दे. दुसरा, इम्युलेट प्रिपेअर्स फॉल्स कर, मग क्वेरी आणि किमती वेगवेगळ्या जातात. मी फॉल्स ठेवतो. पण ते केल्यावर तुझ्या कोडमधलं एक ठिकाण मोडणार आहे, शोधाच्या क्वेरीत तू एकच नावाचा प्लेसहोल्डर गावासाठी आणि नावासाठी दोनदा वापरलाय, ते इम्युलेशनमधेच चालतं, बंद केलं की एचवाय०९३ येईल. दोन वेगळी नावं दे.

डिफॉल्ट फेच मोडला फेच असॉक कर. डिफॉल्ट फेच बोथ असतो, प्रत्येक किंमत नावानेही येते आणि नंबरानेही, यादी जेसनमधे पाठवलीस तर सगळं डबल जातं. असॉकमधे एक बघावं लागतं, जॉइनमधे दोन टेबलांत आयडी किंवा नाव हाच कॉलम असेल तर शेवटचा आधीच्याला खाऊन टाकतो, म्हणून शेतकऱ्याचं नाव आणि व्यापाऱ्याचं नाव यांना क्वेरीतच वेगळी टोपणनावं दे. ड्रॉपडाउनसाठी आयडी आणि गाव एवढंच पाहिजे असेल तर फेच की पेअर आहे, सरळ आयडीला गाव जोडलेला अ‍ॅरे मिळतो.

लॅपटॉपवर तू ८.१ किंवा पुढचं वापरत असशील तर अजून एक फरक पडतो. त्याआधी इम्युलेशन चालू असताना पूर्णांक पण स्ट्रिंग म्हणून यायचे, ८.१ पासून ते खरे इंट येतात, म्हणजे स्टेटस तीन बरोबरच्या चिन्हाने ‘१’ या स्ट्रिंगशी ताडून बघितला असेल तर एका मशीनवर खरं आणि दुसऱ्यावर खोटं. इम्युलेशन बंद केलंस की नव्या ड्रायव्हरवर दोन्हीकडे इंटच येतात. डेसिमल मात्र कधीही स्ट्रिंगच येतो आणि ते चांगलंच आहे, त्याला फ्लोट करू नको, पैशाची बेरीज डेटाबेसकडूनच करून घे.

अपडेटनंतर रोकाउंट शून्य आला की तू ‘पावती सापडली नाही’ दाखवतोस. मायएसक्यूएल डिफॉल्टने खरोखर बदललेल्या ओळी मोजतो, मुनीमजींनी काही न बदलता सेव्ह दाबलं तरी शून्यच येणार. मायएसक्यूएलचा फाउंड रोज हा ऑप्शन ट्रू केला की जुळलेल्या ओळी मोजल्या जातात.

पर्सिस्टंट कनेक्शनबद्दल विचारलंस, नको वापरू. एका रिक्वेस्टमधे अर्धवट राहिलेलं लॉक, टेंपररी टेबल, सेशनची सेटिंग पुढच्या रिक्वेस्टला चिकटून येते आणि ती कुठून आली ते शोधणं फार अवघड जातं. जिनिंगवर चार कॉम्प्युटर असताना नवीन कनेक्शन उघडायला जो वेळ लागतो तो कोणाला जाणवतही नाही.

बफर्ड क्वेरी डिफॉल्ट ट्रू असते, पूर्ण रिझल्ट पीएचपीच्या मेमरीत येतो. रोजच्या कामाला ठीक. सीझनभराची सगळी खरेदी सीएसव्हीत काढताना मेमरी संपते, तेव्हा फक्त त्या कामासाठी वेगळं कनेक्शन उघडून तिथे फॉल्स कर. वेगळं एवढ्यासाठी की तो रिझल्ट वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही, २०१४ नंबरचा एरर येतो.

आता हे सगळं कुठे लिहायचं. कनेक्शनचं एकच फंक्शन ठेव आणि सगळे ऑप्शन कन्स्ट्रक्टरच्या चौथ्या पॅरामीटरमधे अ‍ॅरे म्हणून दे. नंतर सेटअ‍ॅट्रिब्यूटने दिलेले इनिट कमांड, फाउंड रोज, पर्सिस्टंट यांचा काही उपयोग होत नाही, ते कनेक्शन उघडतानाच लागतात. आणि दोन फाइलींतले ऑप्शन एकत्र करायला अ‍ॅरे मर्ज अजिबात वापरू नको. हे कॉन्स्टंट म्हणजे आतून साधे आकडे आहेत, एररमोड ३, फेच असॉक २, एररमोड एक्सेप्शनही २, मायएसक्यूएलचे खास ऑप्शन १००० पासून पुढे. अ‍ॅरे मर्ज आकडी की असलेल्यांना परत ०, १, २ असे नंबर देतं. शून्य नंबरचा ऑप्शन आहे ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप पक्का करणं. तुझ्या अ‍ॅरेत पहिली ओळ इम्युलेट प्रिपेअर्स फॉल्स अशी आली तर मर्जनंतर तिचा अर्थ होतो ऑटोकमिट फॉल्स, म्हणजे इन्सर्ट होतो, त्याच पानावर दिसतोही, आणि स्क्रिप्ट संपली की रोलबॅक होऊन गायब. कोणी तक्रार करत नाही. तिथे प्लसचं चिन्ह किंवा अ‍ॅरे रिप्लेस वापर, की तशाच राहतात. याच कारणाने आकडे थेट लिहायचे नाहीत, नावच लिहायचं. १००० चा अर्थ मायएसक्यूएलमधे बफर्ड क्वेरी आणि एसक्यूलाइटमधे फाइल उघडायचे फ्लॅग. पुढे ८.४ मधे प्रत्येक ड्रायव्हरचा वेगळा क्लास आलाय आणि ८.५ पासून जुनी मायएसक्यूएलवाली नावं डेप्रिकेटेड झालीत, पण तू आत्ता ७ वर आहेस म्हणून जुनीच लिही, एकाच फंक्शनमधे असली की पुढे बदलायला सोपं जातं.

काटा पावती आणि पट्टी ही दोन टेबलं एका ट्रान्झॅक्शनमधे, म्हणजे दोन्ही सेव्ह होतील नाहीतर एकही नाही अशा पद्धतीने, घाल, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्याआधी शो टेबल स्टेटसने इंजिन (टेबल साठवायची पद्धत) बघ. जुन्या सॉफ्टवेअरमधून आणलेली टेबलं मायआयसॅम असली तर रोलबॅक नुसता म्हटल्यासारखा होतो, होत काही नाही, ती इनोडीबी करून घ्यावी लागतील.

कशालाही हात लावायच्या आधी जिनिंगच्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घे, तो पेनड्राइव्हवर वेगळा ठेव. मग बिघडलेल्या चार-पाच नावांचा हेक्स, शो व्हेरिएबल्समधली एसक्यूएल मोडची ओळ आणि त्या टेबलाचं शो क्रिएट टेबल एवढं पाठव, शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि खाते नंबर काढून. तीनपैकी कोणतं दुखणं आहे ते त्यावरून कळेल, मग दुरुस्तीची क्वेरी तुझ्या कॉलमच्या नावांसकट लिहून देतो.